चांगलं काही झालं की पोटात गोळा येतो

प्रश्न: ताई नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची, वय 32, लग्नानंतर नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते, नवरा डच आहे, त्याला बास म्हणूया. मला 27 वा आठवडा चालू आहे. याआधी एकदा दिवस राहिले होते, ते नवव्या आठवड्यात गेलं. तेव्हा आम्ही आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून बसलो होतो आणि आईचं फोनवरचं पहिलं वाक्य होतं, "तरी सांगत होते, इतक्यात बोलू नका." या वेळी विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी एकदम नॉर्मल आली, बास गाडीत बसून आनंदाने रडला आणि माझ्या पोटात मात्र गोळा. त्याला खोली रंगवायचीय, पाळणा आणायचाय, जन्माची कार्डं आत्ताच डिझाइन करायचीत. सासूबाईंनी विणलेल्या टोप्या-मोज्यांची पिशवी आणून दिली, ती मी न उघडता खाली स्टोररूममध्ये ठेवली. आई म्हणते बाळ येईपर्यंत घरात चिंधीसुद्धा आणायची नाही. माझ्या आधी आईचा एक मुलगा गेला होता असं आत्याने मला सांगितलं, त्याच्यासाठी पाळणा आधीच आणला होता म्हणे, आई यावर कधीच बोलत नाही. वर माझी चुलत बहीण सहा वर्षं ट्रीटमेंट घेतेय म्हणून आई म्हणते फोटो टाकू नकोस. परवा बासने विचारलं, "तुला हे बाळ नक्की हवंय ना?" मला बोलताच आलं नाही, रडू आलं. हवंय हो ताई, खूप हवंय. पण मी खूश झाले की काहीतरी होईल असं वाटतं. इकडचे लोक इतके बिनधास्त खूश कसे होतात? मी आईचं ऐकू की त्याचं? - ए.

उत्तर:

प्रिय ए.,

आधी त्या नऊ आठवड्यांचं बोलू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे असं तुझं पत्र वाचून मला वाटलं. ते गेलं ते तुम्ही सांगितलं म्हणून गेलं नाही. कळलेल्या दर 100 गर्भारपणांतली साधारण 10 ते 20 अशी जातात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये कारण असतं गुणसूत्रांतली गडबड, जी अगदी सुरुवातीलाच झालेली असते, म्हणजे तू कोणाला फोन केलास किंवा किती हसलीस त्याच्या आधीच. जी बाई कोणालाच सांगत नाही तिचंही जातं गं, फक्त ते कोणाला कळत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या लक्षात राहतात त्या सांगितलेल्याच आणि मग पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना वाटत राहतं की सांगितलं की जातं. तुझं तर दुप्पट वाईट झालं, बाळ गेल्याचं दुःख होतंच, त्यावर लगेच दोष येऊन बसला, आणि दोष आला की माणूस रडत नाही, हिशेब करत बसतो, पुढच्या वेळी काय करायचं नाही याचा. तू आत्ता तोच हिशेब पाळतेयस. खूश व्हायचं नाही, पिशवी उघडायची नाही, खोलीकडे बघायचं नाही.

आता इकडचे लोक बिनधास्त कसे, तर तितके नाहीत ते, बासला एकदा विचारून बघ. काहीतरी चांगलं बोलून झालं की "अफक्लोपन" म्हणून लाकडावर टकटक करतात ना, आणि ते लाकूडही रंग न लावलेलं लागतं, ती भीतीच नाही का मग? आणि बारा आठवडे होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही हे तर त्यांच्यातही अगदी सर्रास आहे. डोळ्यावर येईल असं काही करू नका, साधं वागा, हे डच घरांत मुलांना लहानपणापासून शिकवतात. फरक इतकाच की बाळाच्या बाबतीतली भीती त्यांच्याकडून आपल्या कितीतरी आधी निघून गेली. 1870 च्या दशकात हॉलंडमध्ये दर पाच बाळांतलं जवळपास एक वर्षाचं व्हायच्या आत जायचं. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी तेच, काही वर्षी त्याहून वाईट. आज तिकडे हजारात तीन-चार, आणि बासच्या आईला, आजीलाही अशी घरं फार बघावी लागली नसतील, त्यामुळे पाळणा आधी आणला तर काय होतं हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात येत नाही. आपल्याकडे 1990 च्या सुमारास भारतात हजारी 80 बाळं वर्षाच्या आत जात होती. 1990, म्हणजे तुझ्या आईचेच दिवस. 2020 च्या सरकारी आकड्यांत भारताचं प्रमाण 28 आणि महाराष्ट्राचं 16 वर आलेलं दिसतं, पण आकडा खाली आला म्हणून आईच्या मनातली भीती त्याच वेगाने खाली येत नाही ना. ज्या समाजात मुलं जगत नाहीत म्हणून पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, भिकू ठेवायचे, म्हणजे मृत्यूला वाटावं की इथे नेण्यासारखं काही नाही, त्या समाजातल्या बाईला तू "असं काही नसतं गं आई" एवढ्यावर गप्प करू शकत नाहीस, आणि करूही नकोस.

आणि हे फक्त आपलंच आहे असंही समजू नकोस. मोहसेन जोशनलू आणि डॅन वायजर्स या दोन संशोधकांनी 2014 मध्ये यावर एक लेख लिहिला, जगात कुठे कुठे लोक आनंदाला घाबरतात आणि का, असा. त्यांनी कारणांचे चार गट केलेत. आनंदी झालं की वाईट काहीतरी घडतं हा एक, आनंदाने माणूस बिघडतो हा दुसरा, आनंद दाखवल्याने स्वतःचं किंवा दुसऱ्याचं नुकसान होतं हा तिसरा, आणि आनंदाच्या मागे धावणंच वाईट हा चौथा. याच जोशनलूंची एक छोटी प्रश्नावली आहे, त्यात "फार खूश न झालेलं बरं, कारण मागून दुःख येतंच" अशा अर्थाची वाक्यं असतात आणि आपल्याला ती किती पटतात ते सांगायचं असतं. भारत, जपान, इराण, केनिया, ब्राझील, रशिया धरून 14 ठिकाणी ती वापरून बघितली, आणि सगळीकडे ही वाक्यं ओळखीची वाटणारी माणसं सापडली, कुठे कमी, कुठे जास्त. इजिप्तमध्ये घरात सगळे पोट धरून हसले की कोणीतरी पटकन म्हणतं, देवा, हे चांगलंच ठरू दे. मायक्रोनेशियात इफालुक नावाचं छोटंसं बेट आहे, तिथे 1970 च्या दशकात कॅथरिन लुट्झ या अमेरिकन संशोधक राहून आल्या, त्या सांगतात की तिथे फार खूश असलेल्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात, हा आता आपल्याच तंद्रीत भटकेल, दुसऱ्याकडे लक्ष देणार नाही म्हणून. आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घरांत तर अगदी तुझ्या आईसारखंच, बाळाआधी सामान घरात आणायचं नाही, बरेच जण पाळणा दुकानात पसंत करून ठेवतात आणि जन्म झाल्यावरच घरी मागवतात. गर्भार बाईला ते अभिनंदनसुद्धा करत नाहीत, चांगल्या घटकेला होऊ दे एवढंच म्हणतात.

हे एवढं सगळं का सांगितलं, तर एक गोष्ट बघ. या सगळ्या लोकांनी आनंद बंद नाही केला. भीती होती म्हणून एक छोटीशी कृती शोधली, लाकडावर टकटक, देवाचं नाव, एक वाक्य, आणि मग पुढे खुशाल हसले. आपल्याकडची तीट बघ ना. गोऱ्यागोमट्या बाळाला गालावर काळा ठिपका लावायचा आणि मग त्याला नटवून सगळ्या गल्लीत मिरवायचं. तीट लावली म्हणून बाळ घरात कोंडून ठेवलं असं कोणी करत नाही, उलट तीट लावली म्हणूनच बाहेर नेता येतं! मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायच्या त्या कार्यक्रम आटोपल्यावर, कार्यक्रम रद्द करून नाही. तुझ्यापर्यंत आईकडून यातला फक्त भीतीचा अर्धा भाग पोचलाय, पुढचा अर्धा, मोकळं होण्याचा, तो मध्येच कुठेतरी राहून गेला, आणि तो का राहिला असेल ते आत्याच्या बोलण्यावरून तुला आणि मला दोघींना दिसतंय.

आपल्या घरातली गर्भारपणाची रीत नीट बघितलीस तर ती खरं म्हणजे आनंदाचं वेळापत्रक आहे. आधी तिसऱ्या महिन्यात, काही घरांत पाचव्यात, चोरओटी. नावातच आहे, गुपचूप भरायची, घरच्या दोन-चार बायकांत. म्हणजे कोणालाच कळू द्यायचं नाही असं नव्हतं, तुझ्या बाजूने उभ्या राहतील अशा थोड्यांना कळू द्यायचं. मग सातव्यात डोहाळजेवण, ते एकदम जोरात, फुलांचे दागिने, झोपाळा, चंद्रावर बसवा, धनुष्यबाण द्या, वाट्या झाकून बर्फी की पेढा, शेजारच्या बायका, गाणी, खाणं. बाळ अजून आलेलं नाही तरी चालतं कारण कौतुक बाळाचं नसतं, तिचं असतं, आईचं. बाळाच्या वस्तू मात्र नंतर, बाळंतविडा नंतर, नाव बाराव्या दिवशी, आणि पहिले कपडे नवे नाहीतच, कोणाच्या तरी गुटगुटीत बाळाचे वापरलेले, आजीच्या सुती लुगड्याचं दुपटं. यात भीती आहेच, पण ती तुला एकटीला सांभाळायला दिलेली नाही, प्रत्येक टप्प्यावर माणसं आहेत. तुझ्याकडे आइंडहोवनला नियम तेवढा आला, माणसं आली नाहीत. जोशनलूंच्याच नंतरच्या एका अभ्यासात असं दिसलं की आनंदाची भीती जास्त असणाऱ्यांत एकटेपणाही जास्त असतो, सगळं परफेक्ट हवं असण्याची सवयही, आणि ज्यांचं लहानपण दुःखात गेलं त्यांच्यातही ती जास्त दिसते. तुझं लहानपण कसं गेलं मला माहीत नाही, पण ज्या घरात एका मुलाचं नाव घेत नाहीत त्या घरात वाढलीस एवढं तर तूच लिहिलंयस.

तर आईचं की बासचं, असं एकाचं ऐकायचं नाहीये. आईच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात त्या आधी सुट्या कर. चुलत बहिणीचं जे आहे ते खरं आहे आणि मला आईचं तिथे शंभर टक्के पटतं. सहा वर्षं ट्रीटमेंट घेणाऱ्या मुलीला सकाळी उठल्या उठल्या फॅमिली ग्रुपवर पोटाचा फोटो दिसला तर तिचा दिवस जातो गं. तिथे आनंद आवरता घेणं ही माया आहे. पण लपवूही नकोस, तिला तू स्वतः वेगळा मेसेज कर, आधी माहीत नसेल तर तुझ्याकडूनच कळू दे, आणि लिही की तुला आत्ता बोलायचं नसेल तर अजिबात हरकत नाही, ग्रुपवर मी फोटो टाकणार नाही. एवढंच.

दुसरी गोष्ट, तू खूश झालीस की बाळाला काहीतरी होईल, ही खरी नाही. ही पूर्ण सोडून द्यायचीय. एकदम सुटणार नाही हे मला कळतं, पण निदान तिला सल्ला म्हणून ऐकू नकोस. सामोसच्या पॉलिक्रेटिस राजाची एक जुनी ग्रीक गोष्ट आहे, त्याचं सगळंच इतकं चांगलं चाललेलं की इजिप्तच्या राजाने त्याला कळवलं, तुझी सगळ्यात आवडती वस्तू आधीच फेकून दे, नाहीतर देवांना बघवणार नाही. त्याने अंगठी समुद्रात टाकली, काही दिवसांनी ती एका माशाच्या पोटातून परत घरी आली, आणि पुढे त्याचा शेवट वाईटच झाला, अंगठी फेकली म्हणून टळला नाही. तू ती पिशवी स्टोररूममध्ये ठेवलीस ना, त्याच हिशेबाने. मी आत्ता थोडं दुःख भरते, नंतरचं कमी होईल. नाही होत गं. देव न करो काही झालंच तर तेव्हा ते तितकंच दुखेल, आत्ताचे हे तीन महिने कोरडे काढलेस म्हणून त्यात एक पैसा सूट मिळणार नाही, आणि सगळं नीट झालं, जे होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त आहे, तर हे तीन महिने परत मिळणार नाहीत.

बासला काय सांगशील? त्याने जे विचारलं ते त्याच्या जागेवरून बरोबरच आहे, त्याच्या घरात हवं असणं आणि खूश दिसणं एकच असतं. त्याला सरळ सांग की मला बाळ इतकं हवंय की मला भीती वाटते, आणि माझ्या घरात जे फार हवं असतं त्याबद्दल हळू बोलतात. आईच्या मुलाबद्दल तुला जे कळलंय तेही सांग. त्याला हे ऐकून तुझी पिशवी समजेल. मग दोघांत ठरवा. खोली रंगवू दे, भिंतीला रंग लावणं म्हणजे बाळाची वस्तू आणणं नव्हे, असं आईलाही सांगता येईल. पाळणा पसंत करून ठेवा, डिलिव्हरी जन्मानंतरची घ्या, किंवा तोपर्यंत सासूबाईंच्या घरी राहू दे, त्यांना आनंदच होईल. कार्डं डिझाइन करायला हरकत नाही, बास करेल, छपाई नाहीतरी नाव-तारीख कळल्यावरच होते. आणि ती पिशवी वर आण, उघड, नुसती बघ, सासूबाईंना फोटो पाठवून थँक्यू म्हण, त्या बिचाऱ्या वाट बघत असतील तुला आवडलं की नाही याची. मग वाटलं तर बासच्या कपाटात ठेव, तुझ्या डोळ्यांसमोर नको.

एका बाबतीत मात्र आईला पूर्ण नाही म्हणावं लागेल. बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या क्रामझोर्खच्या नर्सची यादी असते ना, थर्मामीटर, गरम पाण्याच्या बाटल्या, सुती कापडं, कपडे, पलंग उंच करायचे ठोकळे, ते सगळं बाळ यायच्या काही आठवडे आधी घरात लागतं म्हणजे लागतंच, कारण तिथे बाळंतपण घरीही होतं आणि हॉस्पिटलमधूनही काही तासांत घरी पाठवतात. ते औषधाच्या पेटीसारखं समज, आईलाही तसंच सांग. आणि कपड्यांचं, तर आइंडहोवनमध्ये तुझ्या ओळखीत कोणाचं तरी सहा महिन्यांचं बाळ असेलच, त्याचे वापरलेले आण. आईच्या रीतीत ते चपखल बसतं आणि नर्सचीही यादी पुरी होते.

आता आई. तिच्याशी भांडून हे सुटणार नाही आणि "तू मला दोष दिलास" याने फोनची सुरुवात केलीस तर ती फोन ठेवेल. मी तुझ्या जागी असते तर विचारलं असतं, "आई, माझ्या आधीच्या वेळी तुझी ओटी कोणी भरली होती?" इतकंच. त्याबद्दल तिला आजवर कोणी प्रेमाने विचारलंच नसेल कदाचित, सगळे आपले विषय टाळत आले असतील. ती बोलेल किंवा नाही बोलणार. बोलली तर मध्ये काही समजावू नकोस, डॉक्टरी माहिती देऊ नकोस, ऐक फक्त. मला वाटतं तिलाही कोणीतरी तेव्हा म्हटलं असेल की पाळणा आणलास म्हणून झालं, आणि तिने ते खरं मानून तीस-पस्तीस वर्षं काढली असतील, मग तुझ्या वेळी तिच्या तोंडून दुसरं काय निघणार होतं? पुढे केव्हातरी, त्याच फोनवर नाही, तिला सांग की नवव्या आठवड्यात तू जे बोललीस ते मला फार लागलं, डॉक्टर म्हणतात ते कोणाच्या बोलण्याने झालं नव्हतं, आणि तुझंही पाळण्याने झालं नव्हतं आई. हे दुसरं वाक्य विसरू नकोस.

आणि तिला काम दे! तिला काहीतरी करायला हवंय, म्हणून ती नको-नको म्हणत बसते. तुझा सातवा महिना आहे, डोहाळजेवण कर की, तिथे मराठी बायका आहेत, सासूबाईंना बोलाव, बासच्या बहिणीला बोलाव, आईला व्हिडिओ कॉलवर बसव आणि शेवटी दृष्ट तिलाच काढू दे, तिच्या हातात मीठ-मोहऱ्या, समोर फोनमध्ये तू. तुझा विश्वास असो नसो. तिला ते करता आलं की ती त्या दिवशी तुला हसताना बघू शकेल, आणि तुलाही तिच्यासमोर हसता येईल.

एक शेवटचं, याकडे दुर्लक्ष करू नकोस. भीती रोजचीच झाली असेल, रात्री झोप लागत नसेल, हालचाल कमी-जास्त झाली का हे दिवसभर मोजत बसत असशील, रडू थांबत नसेल किंवा बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल, तर ते संस्कृती-बिंस्कृती म्हणून सोडून देऊ नकोस, पुढच्या अपॉइंटमेंटला तुझ्या फर्लोसकुंडिखेला, म्हणजे तिकडच्या सुईणबाईंना, स्पष्ट सांग की आधी एक बाळ गेलंय आणि मला फार भीती वाटते. त्या हे रोज ऐकतात. तिकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत गर्भार बायकांच्या मनाच्या तब्येतीसाठी पॉप-पोली नावाचा वेगळा विभाग असतो, तिथे पाठवायला सांगता येतं. बाळाची हालचाल खरंच कमी वाटली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच फोन.

आणि आईला बाळंतपणाला बोलवायचं असेल तर व्हिसाचं आत्ताच बघ, शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तुझ्या हातात आता तेराच आठवडे आहेत आणि अर्ज द्यायला अपॉइंटमेंटच्या तारखा लवकर मिळत नाहीत. जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. येताना तिला तिच्या दोन-तीन जुन्या सुती साड्या घेऊन यायला सांग, दुपटी तिथे बसून शिवेल.

तुझी,
ताई